शून्यापासून मोजलेली गावे

मी नोकरीच्या काळात चुका कमी केल्या. ज्या केल्या त्यांतल्या बहुतेक माझ्या मीच शोधून दुरुस्त केल्या. एक मात्र दुसऱ्या माणसाने माझ्यापुढे आणून ठेवली, आणि तोवर तिच्यामुळे त्याच माणसाची नोकरी जायची वेळ आली होती. त्या चुकीविषयी लिहितो.

टेलिफोन खात्याच्या संगणक कक्षातून निवृत्त झाल्यावर मलकापूरला एका संस्थेत मी काम धरले. ती गुलाबी बोंडअळीची वर्षे होती. जे बीटी बियाणे अळी लागणार नाही असे सांगून विकले गेले, त्याच्याच पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडे आतून पोखरलेली निघत होती. शेतकरी लेखी तक्रार करी. ठरलेल्या दिवसांत पाहणी पथकाने उभे पीक पाहिले तरच ती तक्रार धरली जाई. पीक उपटल्यावर आलेल्या पथकाला पाहण्यासारखे काही उरत नसे. आमच्या संस्थेकडे काम होते ते या तक्रारी यंत्रात नोंदवून पथकाला गावनिहाय यादी देण्याचे. केंद्रे तीन : मलकापूर, लोणार आणि संग्रामपूर.

नोंदणीची प्रणाली जुनी होती. काळा पडदा, पांढरी अक्षरे, आदेश टंकून द्यायचा. खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. मला ती पसंत होती. प्रत्येक गावाला एक क्रमांक होता आणि प्रणालीला फक्त क्रमांक समजे. नोंद करणारी माणसे भिंतीवरच्या कागदात गाव शोधत, क्रमांक वाचत आणि टंकताना दोनातला एक अंक चुकवत. म्हणून मी एक पूरक लिखाण तयार केले. गावाच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरे दाबायची आणि टॅबची कळ दाबायची; अक्षरांच्या जागी त्या गावाचा क्रमांक आपोआप उमटे. काम निम्म्या वेळात होऊ लागले. पथकाच्या चुकीच्या फेऱ्या थांबल्या.

गावांची यादी मी अकारविल्हे लावली नाही. एसटीच्या मार्गाने लावली आणि क्रमांकही त्याच क्रमाने दिले. संग्रामपूरच्या यादीत फाट्यावरचे गाव पहिले, त्याच्या पुढचे दुसरे, असे करत सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे गाडी वळून परत फिरते ते टोकाचे गाव शेवटचे. पथक त्याच रस्त्याने जाणार, तर यादीही त्याच रस्त्याने गेली पाहिजे. आमच्याकडे माणूस गावाचा पत्ता असाच सांगतो : अमक्याच्या पुढचं, तमक्याच्या अलीकडचं. या रचनेचा मला अभिमान होता. पुढे जे घडले ते इतके दिवस लपून राहिले, याचे अर्धे श्रेय या रचनेला जाते.

आता शेलविषयी थोडे. टंकलेला आदेश यंत्राला समजावून देणारा जो मधला कार्यक्रम असतो त्याला शेल म्हणतात. शेल अनेक आहेत. वरवर पाहता ते एकसारखे बोलतात आणि बारकाव्यात एकमेकांपासून फुटतात. एकाला कळणारा शब्द दुसऱ्याला कळत नाही, हा सोपा प्रकार. यंत्र लगेच तक्रार करते, आपण दुरुस्ती करतो. तोच शब्द दोघांना कळतो आणि दोघे त्याचा वेगळा अर्थ लावतात, हा अवघड प्रकार. तिथे यंत्र गप्प राहते.

सोपे प्रकार मी बरेच निस्तरले होते. गावाच्या नावात दोन शब्द असले, बुद्रुक किंवा खुर्द पाठीमागे लागले, की शेल त्याची दोन गावे करी. अवतरणचिन्हे योग्य जागी घालून मी ते बंद केले. लोणारच्या यंत्रात तोच शेल होता, पण जुन्या आवृत्तीचा. त्याला पूर्ण यादी एका आदेशात वाचता येत नव्हती. मी ती ओळ-ओळ वाचून घेतली. मलकापूरला आणि लोणारला महिनोन्महिने तक्रार नव्हती.

संग्रामपूरला त्या हंगामात नवे यंत्र आले. ते बसवणाऱ्या माणसाने आपल्या सवयीचा दुसराच शेल त्यात घातला आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिथून दूरध्वनी आला.

“सर, टॅब दाबला तं काहीच होत नाही. आदेश सापडला नाही म्हणते.”

बोलणारी बाई तिथली नोंदणी करणारी. संग्रामपूरच्याच एका मुसलमान कुटुंबातली. वडिलांचे बाजारात गाद्या-रजया भरण्याचे दुकान. वय तिशीच्या आतबाहेर. तिची नेमणूक हंगामापुरती होती आणि प्रत्येक हंगामात नव्याने होई. कामाचा वेग उत्तम, बोलणे मोजके. या दोन गोष्टींमुळे माझे तिच्याविषयी मत चांगले होते. ते मी तिला सांगितले नव्हते.

मी एसटीने गेलो. दोष तत्काळ दिसला. टॅबच्या कळीशी माझे लिखाण जोडून देणारा आदेश या शेलमध्ये नव्हताच. त्याचा स्वतःचा वेगळा होता. मी जोडणीचा भाग नव्याने लिहिला. आतला भाग, म्हणजे यादीतून गाव शोधून क्रमांक ठरवणारा, जसाच्या तसा ठेवला. तासाभराचे काम. चार-पाच गावांची अक्षरे दाबून पाहिली. प्रत्येक वेळी क्रमांक उमटला. क्रमांक उमटतो एवढे मी पाहिले. कोणता उमटतो हे पाहिले नाही.

मी पिशवी उचलली तेव्हा बाई म्हणाली, “सर, टोकाचं गाव येऊन नाही राह्यलं. बाकी सारे येतात.”

“अक्षरे नीट दाबा.”

“नीटच दाबली. पाहा ना तुम्ही.”

“गाडीची वेळ झाली आहे. पुन्हा प्रयत्न करा, येईल.”

मी गाडी गाठली.

तीन आठवड्यांनी केंद्रप्रमुखांनी मला संग्रामपूरला बोलावून घेतले. हे गृहस्थ माझ्याहून वीस वर्षांनी लहान, कामाला प्रामाणिक, आणि वरून आलेल्या प्रत्येक पत्राला घाबरणारे. मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या टेबलासमोर फाट्यावरच्या गावचा एक शेतकरी उभा होता. साठीचा, धिप्पाड, खांद्यावर उपरणे. त्याने खुर्ची नाकारली होती. बाई आपल्या यंत्रापाशी बसून होती आणि तिचे हात मांडीवर होते.

“साहेब, मले एक सांगा,” शेतकरी म्हणत होता, “मी राह्यतो फाट्यावर. तुमचं पथक माह्या घरापुढून जीप घेऊन गेलं. मी हात केला. त्यायनंही हात केला! अन् पुढच्या गावात जाऊन माह्या नावानं बोंबलत फिरले.”

“यादीत तुमचे नाव त्या गावात होते.”

“त्या गावात माहा सासरा हाय! नाव ऐकून तो बाहेर आला. साहेब लोक म्हणे, जवाई कुठं हाय? तो म्हणे, मले का मालूम, काही करून पळाला का? घरात माहीवाली तवापासून तोंड फुगवून बसली. म्हणते, माह्या बापाच्या दारी पोलिस पाठवले.”

“पोलिस नव्हते ते.”

“जीप होती ना? आमच्याकडं जीप आली म्हंजे पोलिस.” मग त्याचा आवाज खाली आला. “पऱ्हाटी अजून उभी ठेवली मी. हरभऱ्याचा टाइम चालला. शेजारी हसतात, म्हणतात अळ्या पोसून राह्यला का बे. किती दिस ठेवू?”

केंद्रप्रमुखांनी त्याला दोन दिवसांत पथक पाठवण्याचा शब्द दिला. तो गेला. जाताना बाईच्या टेबलापाशी थांबला. “बेटी, तुह्या बापाले मी ओळखतो. तू कागद माह्यासमोर बराबर लिहिला होता. मंग यंत्रात काऊन चुकली?”

बाईने भिंतीवरच्या गावांच्या कागदाकडे पाहिले.

केंद्रप्रमुखांनी मला पुढचे सांगितले. अशी ही एकच तक्रार नव्हती. पथक बहुतेक गावांत जाऊन नावे पुकारत होते आणि माणसे शेजारच्या गावात वाट पाहत होती. अहवालात शेरे पडत होते : तक्रारदार गैरहजर. कहर म्हणजे फाट्यावरच्या गावाच्या क्रमांकावर एकही तक्रार नव्हती. तिथे बोंडअळी नाही असा निष्कर्ष काढून तो वर कळवला गेला होता, आणि वरून विचारणा आली होती की त्या गावाने कोणते वाण पेरले.

“प्रत्येक नोंद शेजारच्या गावात गेली आहे,” ते म्हणाले. “घाईत ओळ चुकते. सोमवारी मला लेखी कळवायचे आहे. बाईंना थांबवावे लागेल आणि अनुभवाच्या दाखल्यावर हलगर्जीपणाचा शेरा द्यावा लागेल. मलाही वाईट वाटते. पण तुमच्या लिखाणात दोष असेल तर आत्ताच सांगा.”

त्या शेऱ्याचा अर्थ मला माहीत होता. बाईने तहसिलीतल्या एका जागेसाठी अर्ज केला होता आणि तिथे हाच दाखला द्यावा लागणार होता. शेरा पडला असता तर ती जागा गेली असती. तालुक्याच्या गावात दुसरे कार्यालय किती असते? हे सर्व ठाऊक असताना मी जे बोललो ते असे :

“तेच लिखाण मलकापूरला चालते, लोणारला चालते. तिथे एक नोंद चुकलेली नाही. लिखाण तेच आहे. म्हणजे चुकतो तो हात.”

हे वाक्य मी तिच्यासमोर बोललो. आवाज न चढवता आणि पूर्ण खात्रीने.

बाई उठली. कपाटातून तक्रारींच्या मूळ कागदांचा गठ्ठा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. तो गावांप्रमाणे बांधलेला होता. तिने सर्वांत खालची जुडी सोडली.

“हे टोकाचं गाव, सर. हे सारे कागद. यादी काढून द्या अन् पाहा यातला कोणता चुकला.”

मी यादी छापून घेतली. एकेक कागद पडताळला. टोकाच्या गावाची एकही नोंद चुकलेली नव्हती.

“बरोबर आहेत,” मी म्हणालो.

“हे गाव टॅबनं येत नव्हतं. मी तुमाले त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमची गाडी होती.” तिने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केले. “म्हणून याचा नंबर मी तिथून पाहून हातानं टाकत होती. माह्या हातानं टाकलेले सारे बराबर हायेत. तुमच्या टॅबनं टाकलेले सारे चुकले. आता हात कोनाचा चुकला ते तुमीच सांगा साहेबाले.”

केंद्रप्रमुख काही बोलणार होते. मी त्यांना हाताने थांबवले आणि यंत्रासमोर बसलो.

फाट्यावरच्या गावाची अक्षरे दाबली. टॅब दाबला. दोन उमटले. त्या गावाचा क्रमांक एक आहे. पुढच्या गावाची अक्षरे दाबली. तीन उमटले. मी आणखी पाहिले नाही. गरज नव्हती.

ज्या शेलसाठी मी लिखाण केले होते तो यादीतल्या जागा शून्यापासून मोजतो. पहिले गाव शून्याव्या जागी, दुसरे पहिल्या जागी. म्हणून गावाचा क्रमांक काढताना मी जागेत एक मिळवत होतो. संग्रामपूरचा शेल जागा एकापासून मोजतो. तिथे पहिले गाव पहिल्याच जागी होते आणि मी त्यातही एक मिळवत होतो. प्रत्येक गावाला त्याच्या पुढच्या गावाचा क्रमांक मिळाला. माझा शोध शून्यापासून सुरू होऊन एक जागा आधी संपत असल्याने शेवटचे गाव त्याला कधी भेटलेच नाही. शेलच्या दृष्टीने आदेश बरोबर होता, म्हणून त्याने तक्रार केली नाही. तक्रार बाईने केली होती. यादी अकारविल्हे असती तर पथक तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेले असते आणि पहिल्याच दिवशी बोभाटा झाला असता. एसटीच्या मार्गाने लावल्यामुळे प्रत्येक चूक फक्त एका थांब्याची दिसली. माणसाच्या हातून व्हावी तशी.

मी केंद्रप्रमुखांकडे वळलो. “दोष लिखाणात आहे. माझा आहे. बाईंच्या कामात एकही चूक नाही.”

“पण आत्ताच आपण म्हणालात—”

“ते चुकीचे म्हणालो.”

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. त्या शेलला शून्यापासून मोजायला सांगणारा एक शब्द वर लिहिला असता तरी भागले असते. मी तो मार्ग घेतला नाही. उद्या चौथे केंद्र निघाले, तिसरा शेल आला, तर पुन्हा हाच प्रसंग. मी मोजणीच काढून टाकली. यादीच्या प्रत्येक ओळीत गावाच्या नावापुढे त्याचा क्रमांक लिहिला. लिखाणाने ओळ शोधायची आणि तिच्यातला क्रमांक उचलायचा. जागा शून्यावी की पहिली, याच्याशी संबंध उरला नाही. तेच लिखाण पुढे तिन्ही केंद्रांवर चालले आणि मी काम सोडेपर्यंत त्यात अक्षर बदलावे लागले नाही. आजही कोणी विचारले तर एवढेच सांगेन : दोन शेल ज्या बाबतीत भांडतात, ती बाबच वापरू नये.

बाईने आणखी एक मागितले. “क्रमांकाच्या बाजूले गावाचं नावही दिसू द्या. नुसत्या आकड्यात माणसाले का कळते?” हे मला सुरुवातीलाच सुचायला हवे होते. मी ते केले.

जुन्या नोंदी मागे सरकवणे उरले. टॅबने केलेल्या सर्व एकेक गावाने मागे घ्यायच्या, हाताने केलेल्या जागीच ठेवायच्या. पण शेवटच्या क्रमांकावर दोन्ही प्रकार मिसळलेले होते : टोकाच्या गावाच्या खऱ्या नोंदी आणि त्याच्या अलीकडच्या गावाच्या चुकून गेलेल्या. यंत्राला तो भेद कळणे शक्य नव्हते. बाई मूळ कागद वाचत गेली आणि मी टंकत गेलो. दुपारचा चहा तिने मागवला. दोन कप आले, एक माझ्यासमोर ठेवला गेला. मधे तिने एकदाच विचारले, “सर, मलकापूरले माह्या जागी कोनी असतं तं तुमी हेच म्हटलं असतं?”

मी खरे ते सांगितले. “हो. तिथेही हेच म्हटले असते.”

“मंग ठीक,” ती म्हणाली आणि पुढचा कागद वाचू लागली.

शनिवारी दुरुस्त यादी पथकाच्या हाती पडली. फाट्यावरच्या गावात पथक गेले तेव्हा त्या शेतकऱ्याची पऱ्हाटी उभी होती.

पत्राचा मसुदा केंद्रप्रमुखांनी केला. त्यात लिहिले होते : तांत्रिक अडचणीमुळे काही नोंदी चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत.

“हे चालणार नाही,” मी म्हणालो.

“का? यात कोणाचेच नाव नाही. सगळेच सुटतात.”

“कोणाचेच नाव नसले की वाचणारा नोंद करणाऱ्याचे नाव धरतो. तुम्ही धरले. मीही धरले.”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी नवे पत्र लिहिले. पूरक लिखाण माझे आहे. नव्या यंत्रावर ते चढवताना क्रमांक पडताळण्याची जबाबदारी माझी होती आणि ती मी पार पाडली नाही. नोंद करणाऱ्या बाईंनी त्याच दिवशी त्रुटी निदर्शनास आणली होती, मी दुर्लक्ष केले. शेवटी एक ओळ घातली : सदर बाई या प्रकरणात निर्दोष आढळल्या असून त्यांना सेवेत कायम ठेवण्यास हरकत नाही. खाली सही केली आणि पत्र वाचायला तिच्या हातात दिले. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

तिने ते दोनदा वाचले आणि शेवटच्या ओळीवर नख ठेवले.

“हे काढा, सर.”

“काय झाले? तुमच्या बाजूचेच आहे.”

“निर्दोष आढळल्या म्हंजे माह्यावर चौकशी झाली असं होते. दाखल्यासंगं हे पत्र कोनी पाह्यलं तं म्हनतीन, काहीतरी होतं, पन सुटली. अन् हरकत नाही काऊन लिहिलं? हरकत घ्यासारखं मी केलं का काही?”

केंद्रप्रमुख म्हणाले, “बाई, शासकीय पत्रात असेच लिहितात. ती पद्धत आहे.”

“माह्या बापाच्या दुकानात गादीत कापूस कमी भरला गेला तं तो म्हनते, माह्या हातून कमी गेला. गिऱ्हाइकाले असं नाही म्हनत, का तू निर्दोष हायेस.”

मला पत्रव्यवहाराचा तीस वर्षांचा सराव होता आणि ती ओळ मी चांगल्या हेतूने लिहिली होती. तिचे म्हणणे तरीही बरोबर होते. मी पत्र परत घेतले, ती ओळ गाळून पूर्ण पान नव्याने टंकले, सही केली. ते त्रुटी दाखवण्याच्या वाक्यावर संपत होते आणि त्यानंतर माझे नाव होते.

तिने एक प्रत मागून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि यंत्रासमोर जाऊन बसली. दाराशी तक्रारीचा कागद घेऊन दोन माणसे उभी होती. तिने पहिल्याला विचारले, “कोनतं गाव, भाऊ?”